रजिस्टरमधली पाच नावं

आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्राची, महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकसाठीची माहिती गोळा करायचं काम गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं आलं. केंद्र कोल्हापुरातलंच, रसायनशास्त्राचं, लहान. पाच गाइड आणि सध्या नोंदणी असलेले नऊ विद्यार्थी. फाइलला काय लागतं ते ठरलेलं असतं: पीएच.डी. किती झाल्या, शोधनिबंध किती आले, प्रकल्पांना पैसा किती मिळाला, उपकरणं कोणती आहेत. २०१६पासून निघणाऱ्या एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या यादीतही विद्यापीठांना गुण देताना मागच्या तीन वर्षांत किती जण पीएच.डी. होऊन बाहेर पडले ते बघतात. ब्रिटनमध्ये २०२१च्या संशोधन मूल्यमापनात १५ टक्के गुण निव्वळ संशोधनाच्या वातावरणाला होते. तिथंही किती डॉक्टरेट दिल्या, तो आकडा माहितीत होताच.

मला वाटत होतं, वातावरण कसं आहे हे त्यात राहणाऱ्यांना विचारावं. ऑस्ट्रेलियात संशोधन-पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी एक प्रश्नावली वापरली जाते, तिच्यात हे सहा भाग आहेत: मार्गदर्शन, बौद्धिक वातावरण, कौशल्यं, सोयी, अपेक्षांची स्पष्टता आणि प्रबंधाची तपासणी. त्या धर्तीवर मी मराठीत प्रश्न केले, झेरॉक्स काढल्या, वाटल्या. नऊच्या नऊ फॉर्म दोन दिवसांत परत आले आणि जवळजवळ सगळीकडं पाचपैकी पाच.

मी खूश झाले होते, हे सांगायलाच हवं. मग एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर नाव नको म्हणालासा खरं, पण तिसरं वर्ष आणि स्त्री असं लिहिलं की ती मी एकटीच की." तिचं बरोबर होतं. वर्ष, लिंग, विषयाची शाखा असे तीन रकाने मी वर ठेवले होते. हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात त्याचा फरक पडत नाही, पण नऊ जणांत तो नाव लिहिण्याचाच प्रकार. शिवाय दोन गाइडनी फॉर्म स्वतःच गोळा करून आणून दिले होते. ते सगळे कागद मी फाडून टाकले. वरचे तिन्ही रकाने काढले, ग्रंथालयात एक बंद पेटी ठेवली आणि पुन्हा वाटले. दुसऱ्या वेळी उत्तरं निराळी आली.

पण तरीही मन लागेना. विचारत होते ते टिकलेल्यांना. सोडून गेलेल्यांना कुणी विचारायचं?

जुलैतल्या एका गुरुवारी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, निम्मा स्टाफ आलाच नव्हता. मी नोंदणीचं जुनं रजिस्टर काढून बसले. केंद्र सुरू झाल्यापासूनची नावं एकेक करून जुळवली. चोवीस नोंदण्या. दहांना पदवी मिळालेली, नऊ जणांचं काम चालू. पाच नावांपुढं काहीच नाही. ना रद्द केल्याची नोंद, ना कारण, ना तारीख. आणि चालत्या नऊ जणांइतकीच ती पाच माणसंही याच वातावरणात राहून गेली होती.

फोन लावायला सुरुवात केली. एक नंबर बंद होता, एक भलत्याच माणसाकडं गेलेला. एकीचे वडील बोलले, लग्न होऊन ती बेळगावला गेली म्हणाले आणि फोन ठेवला. चौथा विद्यार्थी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट निघाला. हंगाम बंद, त्यामुळं तो निवांत होता, पाऊण तास बोलला. फेलोशिपचे हप्ते रखडले तेव्हा त्यानं वर्षभर मेव्हण्याकडून पैसे घेऊन काढलं होतं. "पहिलं प्रकरण सरांना दिवाळीत दिलं मॅडम, ते आखाडात परत आलं. आत दोन ठिकाणी स्वल्पविराम दुरुस्त केलता. तवाच ठरवलं." तो चिडलेला अजिबात नव्हता. फोन ठेवताना म्हणाला, सोडलं का म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

पाचवी राधानगरीकडची. आता तिथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिनं मला आवाजावरून ओळखलं. तिचं बरंचसं काम झालं होतं, नमुने तयार होते. शेवटची मोजणी तेवढी राहिलेली. तेव्हा सोमवार ते शनिवार शिकवायचे तास, एसटीनं यायला-जायला दोन-दोन तास, आणि मोजणीच्या यूव्ही मशीनसाठी नंबर लावायची वही सकाळी दहालाच भरून जायची. ती पोचेपर्यंत दिवस भरलेला असायचा. "रविवारी मशीन मिळालं असतं तर झालं असतं माझं," ती म्हणाली. "पण विचारायचं कुणाला, तेच कळलं नाही."

मी तिची फाइल शोधली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणं विद्यार्थ्यानं दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं प्रगती मांडायची असते. शेवटच्या बैठकीच्या इतिवृत्तात एकच ओळ होती: प्रगती समाधानकारक, काम पुढं चालू ठेवावे. त्यानंतर ती कधी आली नाही. खाली तीन सह्या होत्या, त्यातली मधली माझी.

ती बैठक आठवायचा मी फार प्रयत्न केला. आठवेना. एका दुपारी आम्ही सात-आठ विद्यार्थी ऐकले असणार, दहा-दहा मिनिटांत. आम्ही आलेख बघितले असतील. तू येतेस कशी, मशीन कधी मिळतं, हे विचारल्याचं मला तरी आठवत नाही. वातावरण मोजायची खरी जागा तीच बैठक होती, आणि तिथं मी बसलेली होते.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर चालत घरी निघाले. दसरा चौकातून जाताना तिथली बोर्डिंगं दिसली. १९०१ला शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मग एकेका समाजासाठी काढत गेले. शाळा उघडी आहे एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नव्हतं. खेड्यातला पोरगा इथं राहील कुठं, जेवील काय, हे त्यांनी आधी पाहिलं. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र तिथं बराच वेळ थांबले.

फाइलमध्ये मी दोन रकाने वाढवले: नोंदणी करून सोडून गेलेले, आणि प्रकरण दिल्यापासून शेरे परत मिळेपर्यंतचे दिवस. समन्वयक सर म्हणाले, "मॅडम, हे कुणी मागितलेलं नाही." त्यांचंही खरं होतं. आमच्यापुरतं ठेवूया म्हटलं, त्यांनी मान हलवली. सल्लागार समितीच्या इतिवृत्तात आता विद्यार्थ्यानं स्वतः लिहायची चार ओळींची जागा आहे. गाइडनी त्या वेळी बाहेर थांबायचं असं मी सुचवलंय. त्यावर अजून वाद चालू आहे आणि मी तो सोडणार नाही.

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये जाऊन परिचर मामांना विचारलं, रविवारी लॅब उघडायची असेल तर काय करावं लागतं. त्यांनी टेबलाचा खण ओढला, सुतळीत बांधलेली किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली.

"काय न्हाई मॅडम. शनिवारी मागून न्यायची, वहीत सही करायची. आधीपास्नं असंच हाय."