तुंब्याच्या ओंडक्यातून मोगरी: आमची वाटचाल

आमच्या सुतारमेटाच्या मागच्या पडवीत बाभळीचे १९ ओंडके उभे होते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते बैलगाडीच्या चाकांचे तुंबे करायला आणले होते. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा. त्यात आरे ठोकून बसवायचे आणि त्यातूनच कणा जायचा. चाकावर येणारा सगळा हिसका शेवटी तुंब्यावर येतो, म्हणून तुंब्याला बाभूळच. कराड भागात ऊस वाढला तशी रबरी टायरची डनलॉप गाडी आली, मग ट्रॅक्टर आला आणि लाकडी चाकाची मागणी संपली. ओंडके तसेच राहिले. कुणी जळणाला मागायला आलं की आप्पा म्हणायचे, "ते द्यायचे न्हाईत." का द्यायचे नाहीत, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मी ९ वर्षं पुण्यात फर्निचरच्या कामात होतो. प्लायवूड, लॅमिनेट, स्क्रू. दिवसच्या दिवस पटाशीला, म्हणजे सुताराच्या छिन्नीला, हात लागायचा नाही. २०१२ साली गावी परत आलो, जुना लेथ घेतला आणि कातकाम, म्हणजे लाकूड फिरवून गोल घडवायचं काम, सुरू केलं. लाटणी, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब. पोटापुरतं चालायचं. मोगरी, म्हणजे पटाशीच्या डोक्यावर ठोकायचा लाकडी हातोडा, हा आमचा धंदा होईल असं तेव्हा मनातही नव्हतं.

ती आली मिरजेकडच्या एका काकांमुळे. काका देव्हाऱ्यांवर नक्षी कोरतात. कठड्याचे खांब न्यायला आले होते. पिशवीतून त्यांनी स्वतःची मोगरी काढून टेबलावर ठेवली. सागाची, बाजारातून घेतलेली. मार बसायच्या बाजूला दातवण चघळल्यासारख्या चिपा सुटलेल्या. म्हणाले, "मिस्त्री, दर दोन महिन्यांना एक संपती. सागवानाला मार सोसत न्हाई. तुमच्याकडं कायतरी घट्ट लाकूड असंल की."

आप्पा काही बोलले नाहीत. पडवीत गेले, हातोडीच्या मागच्या बाजूनं एकेका ओंडक्यावर टकटक करत फिरले. काही ओंडके 'भद' वाजत होते, काही 'ठण'. ठण वाजणारा एक त्यांनी बाहेर ओढला. त्या ओंडक्याची पहिली मोगरी मी त्याच आठवड्यात कातली. ती अजून वापरात आहे.

बाभूळच का, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढं कळत गेलं. गोल कातलेल्या मोगरीत लाकडाचे धागे दांड्याच्या दिशेनं उभे असतात आणि मार बसतो तो धाग्यांच्या कडेवर. धाग्यांची टोकं मार चांगला सोसतात, कड सोसत नाही. म्हणून कातीव मोगरीला असं लाकूड लागतं की ज्याचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. साग सरळ धाग्याचा. रंध्याखाली लोण्यासारखा जातो, पण हाच गुण मोगरीत दोष ठरतो, कारण धागे एकामागून एक उलगडत जातात. शिवाय तो हलका. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, बाभळीचं ७५० ते ८५० किलो. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. बाभळीचे धागे वेडेवाकडे, गुंतलेले. कुऱ्हाडीनं फोडणाऱ्याला शिव्या द्याव्याशा वाटतात, पण हजारदा ठोकून घ्यायचं असेल तर असंच लाकूड हवं.

दुसरीही लाकडं करून पाहिली. धावडा चिवट आहे, त्याचे आम्ही कुऱ्हाडीचे दांडे करतो. लांब दांड्याला त्याच्यासारखं लाकूड नाही, पण मोगरीच्या डोक्याएवढा जाड, सरळ, बिनगाठीचा तुकडा आम्हाला क्वचितच मिळाला. खैर फार जड आणि कणखर, कोकणात मुसळाला वापरतात. त्याची लहान मोगरी सुंदर होते, मोठी मात्र दिवसभर उचलवत नाही. शिसवीचं गिऱ्हाईक नेहमी विचारतं, कारण ती दिसते देखणी. मी ती घेत नाही. एक तर एवढं महाग लाकूड ठोकून झिजवायचं हे मनाला पटत नाही, आणि २०१७च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायची म्हटली तर कागदपत्रांचा प्रश्न येतो. राहिली चिंच. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

लाकूड निवडलं म्हणजे अर्धं काम झालं असं वाटतं, पण खरा प्रश्न ओंडक्यातला तुकडा कुठून काढायचा हा असतो. झाडाच्या अगदी मधोमध पेन्सिलीएवढी नाडी असते. ती तुकड्यात आली की वाळताना तिथून बाहेरच्या दिशेनं चीर जाते. आज नाही गेली तर पुढच्या उन्हाळ्यात जाते. फूटभर जाडीचा ओंडका आम्ही चार फाळ्यांत चिरतो आणि मधली नाडी काढून टाकतो. बाहेरचं पांढरं लाकूड तासलं की प्रत्येक फाळीतून जेमतेम नऊ सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा उरतो. आमच्या मोठ्या मोगरीचा व्यास ८५ मिलिमीटरच्या पुढं का जात नाही, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर झाडाच्या जाडीत आहे.

ते पांढरं लाकूड टाकायचं, हे मी फार महागात शिकलो. तिसऱ्या वर्षी आप्पांचे ओंडके संपत आले आणि मी एका वखारीतून बाभूळ विकत घेतली. कातल्यावर मधला भाग तांबूस-तपकिरी आणि कडेला फिकट पट्टा, असा दुरंगी माल निघाला. दिसायला इतका छान की मी मुद्दाम तो पट्टा राखला. आप्पांनी एकदाच विचारलं, "ही भिजवली हुती का?" मी म्हणालो, वाळलेली आहे, मीटर लावून बघितलंय. ओलावा १२ टक्के होता, खोटं नव्हतं. चार महिन्यांनी नाशिकहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "दादा, मोगरी ठेवतो तिथं रोज पीठ पडतंय." फोटो पाठवला. फिकट पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पिठी. भुंगा लागला होता. त्या खेपेच्या ३४ मोगऱ्या विकल्या गेल्या होत्या. सगळ्यांना फोन केले, सगळ्या बदलून दिल्या. एका माणसानं सांगितलं की मोगरीतला किडा शेजारी ठेवलेल्या त्याच्या आंब्याच्या फळीत गेला. ते ऐकून मला फार लाज वाटली. फळीचे पैसे दिले, पण पैशानं ती लाज गेली नाही.

आप्पांच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा लागला. तुंब्याची बाभूळ तोडली की ते तिची साल काढायचे. साल चामडं कमावणाऱ्यांकडे जायची, कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावरच तर कमावतात. मग सोललेले ओंडके ओढ्याच्या डोहात दगड ठेवून बुडवायचे. दोन-तीन महिन्यांनी काढायचे आणि सावलीत उभे करायचे. पाण्यात पांढऱ्या लाकडातलं सत्त्व विरघळून जातं. भुंग्याला तेच खायला हवं असतं. आता आम्ही विहिरीजवळ सिमेंटचा हौद बांधला आहे. आठवड्यात त्याचं पाणी काळ्या चहासारखं होतं, ते बदलत राहतो. भिजवूनसुद्धा पांढरा पट्टा काढूनच टाकतो. दुरंगी मोगरी मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

ओल्या बाभळीचं आणखी एक सांगायला हवं. पहिल्यांदा लेथवर चढवली की पटाशीच्या लोखंडाशी तिचा रस लागतो आणि बोटं, नखं, लेथचा टेकू सगळं निळंकाळं होतं. साबणानं जात नाही, लिंबानं जातं. आमच्याकडे काम करणाऱ्या पोरांचे हात बघितले की खडाव काढायचं काम चालू आहे का बारीक कातायचं, ते मी दारातूनच सांगतो. खडाव, म्हणजे हव्या त्या मापापेक्षा दहा-बारा मिलिमीटर जाड कातून तुकडे ठेवून द्यायचे. टोकांना मेण लावायचं, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि चिरतात. मग दर रविवारी वजन करायचं आणि तुकड्यावरच पेन्सिलीनं लिहायचं. लागोपाठ आठ-दहा आठवडे आकडा हलला नाही की तो कातायला घ्यायचा. गोल कातलेला तुकडा तोवर किंचित अंड्यासारखा झालेला असतो. ती वाढीव जाडी त्यासाठीच ठेवलेली.

आता आकाराकडे येतो, कारण सर्वात जास्त चुका मी तिथं केल्या.

सुरुवातीला डोकं वेगळं आणि दांडा वेगळा करत होतो. लाकूड कमी लागायचं. पण पावसाळ्यात दांडा भोकात फुगायचा, भोकाच्या भिंतीवर दाबला जाऊन त्याचेच धागे चेपायचे, आणि एप्रिलमध्ये वाळला की ढिला पडायचा. पाचर मारली तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यामुळे आम्ही एका तुकड्यात कातायला लागलो. दांडा काढताना जवळपास निम्मं लाकूड कीस होऊन खाली पडतं, हे मान्य आहे. तो कीस आळीतल्या घरांच्या बंबात जातो. पण सांधाच नाही, तर ढिलं पडायला काही उरत नाही.

डोक्याचा आकार मी आधी सरळ दंडगोल ठेवला होता. काकांनी एकदा तक्रार केली, "ही पटाशीच्या डोक्यावर तिरकी बसती. मनगटाला कळ लागतीया." मी मिरजेला गेलो आणि एक दिवस नुसता त्यांच्या शेजारी बसलो. पटाशी डाव्या हातात, नजर तिच्या धारेवर. मोगरीकडे ते बघतच नाहीत. उजवा हात कोपरातून फिरत नाही, मनगटातून फिरतो, त्यामुळे मोगरी सरळ रेषेत न येता कमानीत येते. पटाशीला टेकते तेव्हा दांडा थोडा तिरका असतो. मग डोक्याची बाजूच तेवढी तिरकी हवी, म्हणजे वर रुंद आणि मानेकडे निमुळती. घरी येऊन तीन कातल्या, तीन वेगवेगळ्या उताराच्या, आणि नावं न घालता काकांकडे दिल्या. त्यांनी ज्या मोगरीला हात लावल्यावर परत खाली ठेवली नाही, तिचा उतार साडेसहा अंश भरला. आजही तोच ठेवतो.

गोल मोगरीचा मोठा फायदाही तिथंच कळला. तिला तोंड नसतं. कुठल्याही अंगानं मारली तरी चालते, म्हणून नजर धारेवर राहते. चौकटीला कूस-खाच (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा) पाडणाऱ्या सुताराला मात्र मी स्वतःहून सांगतो की तुम्हाला चौकोनी डोक्याची घ्या. जोरकस, एकाच दिशेच्या माराला तीच बरी. आमची घेऊन नाराज होण्यापेक्षा ते बरं.

दांड्याला मध्ये पोट, खाली छोटी गाठ. आणि मान जरा बारीक, कारण हलकं काम करताना लोक दांडा सोडून मान धरतात. ही मानेची पकड मी आधी ध्यानातच घेतली नव्हती. तिथं कडक कड राहायची आणि तर्जनीला घट्टा पडायचा. आता प्रत्येक मोगरीची मान डोळे मिटून हातात फिरवून बघतो. डोळ्याला न दिसणारी कड बोटाला लागते.

एक वर्ष मी दांड्याला वार्निश लावलं होतं. दुकानात चकाकायचं. घामाच्या हातात निसटायचं आणि तळव्याला फोड यायचे. आता फक्त जवसाचं उकळलेलं तेल, तीन हात, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही ती दोरीवर पसरतो आणि वाळली की चुलीत घालतो. हे कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

आज तीन मापं करतो. लहान सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅमची, ती बारीक नक्षीला आणि आयटीआयला शिकणाऱ्या मुलांना. मधली साडेचारशेची. मोठी साडेपाचशे ते सहाशेची. कुणी फोनवर "सगळ्यात जड द्या" म्हणालं तर मी विचारतो, दिवसाला किती तास ठोकता? चार तासांच्या वर असेल तर मधलीच घ्या म्हणतो. जड मोगरी दुपारनंतर दमवते, आणि दमलेल्या हाताचा घाव नको तिथं जातो. महिन्याला आमच्या साठ-सत्तर मोगऱ्या होतात. वाढवता येतील, पण वाळलेलं लाकूड तेवढंच आहे.

झिजलेल्या मोगऱ्या आम्ही परत मागवून घेतो. डोक्याला कंबर पडली की पुन्हा लेथवर चढवून एक हात कातून देतो. माप लहान होतं, लाकूड तेच राहतं. काकांची पहिली मोगरी दोनदा अशी आली. ८५ मिलिमीटरची होती, आता ७२ झाली आहे. गेल्या खेपेला ते म्हणाले की ती आता लेकीला देणार, ती पण बसायला लागली आहे कोरायला. मी दांडा तिच्या हाताच्या मापानं बारीक करून दिला.

आणि चिंच. जुन्या चिंचेचा गाभा जांभळट-तपकिरी, बाभळीहूनही घट्ट, पटाशीची धार लवकर खाणारा. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगीच नाही. अडचण अशी की झाड केवढंही मोठं असलं तरी गाभा थोडा आणि बाकी सगळं फिकट लाकूड. त्यात चिंच परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि सावलीचं चांगलं झाड मोगरीसाठी पाडावं असं मला वाटतही नाही. दोन वर्षांपूर्वी वादळात पडलेली एक जुनी चिंच रीतसर कागद करून मिळाली. तिचे २२ तुकडे निघाले, त्यातले ५ चिरले, १ वाकडा झाला. उरलेल्या १६ तुकड्यांवर पेन्सिलीचे आकडे खालपर्यंत भरले आहेत. गेले नऊ रविवार वजन हललेलं नाही. आप्पा रोज पडवीत जाऊन त्यांच्यावर टकटक करून येतात. दिवाळी झाली की पहिले चार तुकडे लेथवर चढवणार आहे.