तुम्ही विचारलेत म्हणून: ऑलिव्हर माझा का नाही

मी अनाथ मुलांच्या संस्थेत वाढले आणि पुढे इंग्रजी साहित्य शिकवले, हे कळले की लोक विचारतात, "मग 'ऑलिव्हर ट्विस्ट' तुम्हाला फार जवळची वाटत असेल, नाही?" प्रश्नामागे आपुलकी असते, पण आता तो ऐकवत नाही, म्हणून एकदाच नीट उत्तर देते.

चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी जवळची आहे, तिच्यातला अनाथ मुलगा ऑलिव्हर नाही. १८३४च्या कायद्याने इंग्लंडमधल्या निराधारांची मदत वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहांच्या, भिंतींआड नेली, आणि तिथले जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही हलाखीचे असावे, हे धोरणच होते. १८३७ मध्ये पंचविशीतल्या डिकन्सने त्यावर मासिकातून क्रमशः हल्ला चढवला. दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा आणि रविवारी अर्धा पाव देऊन स्वतःवर खूश असणारे ते कादंबरीतल्या वर्कहाउसच्या मंडळाचे सभासद मला शंभर टक्के खरे वाटतात. खोटे वाटते ते त्या मुलाचे बोलणे. मार खात, अर्धपोटी वाढलेला ऑलिव्हर सभ्य घरातल्या मुलासारखे स्वच्छ इंग्रजी बोलतो, आणि जॅक डॉकिन्स, तो तरबेज खिसेकापू पोरगा, गल्लीची भाषा बोलतो. शेवटी कळते की ऑलिव्हर मुळात चांगल्या घरातला होता. त्याला वारसा मिळतो, ब्राउनलो त्याला दत्तक घेतात, आणि त्याची भाषा शुद्ध का होती याचे उत्तर आपल्याला रक्तात शोधावे लागते.

हे मला का झोंबते? आमच्या संस्थेत एक देणगीदार आले होते. ते एका मुलीच्या शिक्षणाचा सगळा खर्च उचलणार होते, आणि त्यासाठी आम्हा दोघींना कार्यालयात उभे केले होते. माझी मैत्रीण गणितात माझ्या कितीतरी पुढे होती. गुणपत्रके टेबलावरच होती. गृहस्थांनी ती उघडली नाहीत. त्यांनी आम्हाला एकेक कविता म्हणायला सांगितली. मैत्रीण 'पानी' म्हणाली आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. माझी पाळी आली तेव्हा तिनेच माझ्या वेणीची सुटलेली रिबीन घाईघाईने बांधून दिली. माझी कविता संपल्यावर ते संस्थेच्या बाईंना म्हणाले, "ही चांगल्या घरातली दिसते हो. रक्त लपत नाही." माझ्या रक्ताचा पत्ता कुणालाच नव्हता, मी सापडलेली मुलगी. माझी वाणी स्वच्छ होती, कारण पाहुण्यांपुढे प्रार्थना सांगायला मलाच उभे करीत आणि त्यासाठी बाईंनी माझ्याकडून 'ण' आणि 'ळ' महिनोन्महिने घोटून घेतले होते. बाई काही बोलल्या नाहीत. मी शाळेत गेले, मैत्रीण शिवणकामाला.

म्हणून वर्गात मी अनेक वर्षे डिकन्सला त्या गृहस्थांच्या शेजारी बसवत आले. आता तसे सहजपणे करवत नाही. त्याचे कारण बॉब फेगिन. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला होता. तिथे बॉब नावाच्या अनाथ मुलाने त्याला काम शिकवले. एकदा डिकन्सच्या कुशीत कळा येऊ लागल्या, तेव्हा बॉब पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्याला शेकत राहिला आणि संध्याकाळी घरापर्यंत सोडायला निघाला. तुरुंगाचे कळू नये म्हणून डिकन्स साउथवर्क पुलाजवळच्या कुणाच्यातरी घराच्या पायरीवर थांबला, हेच आपले घर असे भासवून त्याने निरोप घेतला, आणि बॉबने वळून पाहिलेच तर म्हणून दारही ठोठावले. त्याच बॉबचे आडनाव त्याने पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या, पोरांना चोरी शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला दिले. बॉबची माया स्वीकारणे म्हणजे आपणही इथलेच, हे मान्य करणे होते. ती भीती मला कळते, तिच्याबद्दल मला कुणी शिकवायला नको. पण कळते म्हणून ऑलिव्हरचा वारसा मला पटत नाही.

जॅक कोर्टात न्यायाधीशांनाच जाब विचारतो, आणि तो प्रसंग कादंबरीतल्या सर्वांत जिवंत प्रसंगांपैकी एक आहे. तरी शेवटच्या प्रकरणात, जिथे पात्रांचे पुढे काय झाले ते सांगितले आहे, तिथे त्याचे नावही नाही. १८५२-५३च्या 'ब्लीक हाउस'मध्ये मात्र 'जो' नावाचा रस्ता झाडणारा पोरगा येतो. त्याची भाषा मोडकी आहे, त्याच्या जन्माचे कसलेही गुपित नाही, आणि तो मरतो तेव्हा लेखक थेट महाराणीला ते सुनावतो. म्हणजे डिकन्स पुढे गेला, असे मी म्हणते. मग माझेच मन विचारते की चांगल्या घरातला नसलेल्या या मुलाला त्याने जगू का दिले नाही, आणि त्यावर मला अजून उत्तर देता येत नाही.