सोलापूर ते बेंगळुरू: माश्यांच्या खोलीतले आठ आठवडे

उद्यान एक्स्प्रेसमध्ये सोलापूरला दुपारी चढले तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे आणि कागदपत्रांची फाइल, दुसरीत आईने बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा. बाबा खिडकीपाशी उभे राहून तिसऱ्यांदा विचारत होते, "तिथं नेमकं करायचं काय?" मला तरी कुठं नीट माहीत होतं! निवडीच्या पत्रात विषय होता ड्रॉसोफिला. मी म्हटलं, "माश्या." बाबा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माश्यांसाठी बेंगळुरू?"

हा वृत्तांत माझ्यासारख्यांसाठी आहे. तालुक्याचं कॉलेज, दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात पदवीपर्यंत पोचलेलं कुणी नाही. असं असताना उन्हाळ्यात मोठ्या संस्थेत जाऊन दोन महिने संशोधनाचं काम करता येतं, त्याचे पैसेही मिळतात, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेही कॉलेजच्या नोटीस बोर्डवरून नाही, तर पुण्यात शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून.

मी गेले ती तीन विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस) या तिघी मिळून ती चालवतात. विद्यार्थ्यांसाठी असते, तशी कॉलेजच्या प्राध्यापकांसाठीही असते, हे आमच्या सरांनाही नवीन होतं. काम साधारण दोन महिन्यांचं. अर्ज मात्र आदल्या वर्षीच, दिवाळीच्या मागेपुढे भरायचा. उन्हाळ्याचं काय ते मार्चमध्ये बघू, असं म्हणणारे आधीच बाद.

अर्जात गुण भरायचे, आवडीच्या विषयावर थोडं लिहायचं आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. मला सगळ्यात जड गेलं ते शिफारसपत्र. सरांची ना नव्हती, पण असं पत्र त्यांनी आधी कधी लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, "चारित्र्याचा दाखला देतो की." मी दोन दिवस त्यावरच खूश. मग कळलं की पत्र त्यांनी स्वतः ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याची लिंक त्यांच्या ईमेलवर जाते. सर ईमेल महिन्यातून एकदा उघडतात. लिंक स्पॅममध्ये पडली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सरांच्या घरी गेले, त्यांच्या फोनवर स्पॅम उघडून दिलं, आणि बाईंनी केलेला चहा गार होईस्तोवर आम्ही दोघं ते पत्र भरत बसलो.

तेव्हा पत्र मागायला निदान पंधरा दिवस आधी जा. जाताना एक पानभर मुद्दे लिहून न्या: कोणते विषय त्यांच्याकडे शिकलात, कोणतं प्रॅक्टिकल चांगलं झालं, सेमिनार कशावर दिला. शिक्षकांना आपण आठवत असतो, पण पत्र लिहिण्याइतकं आठवत नसतो. आणि "तूच लिहून आण, मी सही करतो" असं कुणी म्हटलं तर मुद्दे द्या, पत्र त्यांनाच लिहू द्या. मुलांनी स्वतःच लिहिलेली पत्रं सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात, असं मला तिकडे एका प्राध्यापकांनी सांगितलं.

आवडीच्या विषयावरच्या मजकुरात मी आधी लिहिलं होतं की मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे. मैत्रिणीने ते वाक्य खोडलं. त्याऐवजी खरं ते लिहिलं: परीक्षेत ड्रॉसोफिलाच्या क्रॉसची, म्हणजे ठरवून जुळवलेल्या नर-मादीच्या जोडीची, आकृती पाच वेळा काढली आहे, पण ती माशी भिंगाखाली एकदाही पाहिलेली नाही. माझी निवड त्या वाक्यामुळेच झाली असं म्हणत नाही. पण पहिल्याच दिवशी गाइड मॅमनी हसून विचारलं, "पाच वेळा?"

निवड झाल्यावर दुसरी अडचण उभी राहते ती आपल्या विद्यापीठांच्या परीक्षेची. तिकडच्या संस्थांचा उन्हाळा मेच्या सुरुवातीला चालू होतो आणि आपले पेपर कधीकधी जूनपर्यंत रेंगाळतात. प्रॅक्टिकलची तारीख तर चार दिवस आधी कळते. मला वाटलं, आता सगळं हुकलं. घाबरून आठवडाभर मेलच केला नाही, ही चूक. शेवटी वेळापत्रक जोडून विचारलं की मेच्या शेवटी आले तर चालेल का, तर दोन ओळींत उत्तर आलं: चालेल. तारीख अडत असेल तर त्याच दिवशी कळवा. मेल इंग्रजीत चार साध्या वाक्यांचा असला तरी पुरतो.

कागदपत्रांत बोनाफाइड, कॉलेजचं ना हरकत पत्र, गुणपत्रिका, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि आधार एवढं ठेवा. माझ्या आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि बँकेत नुसती आद्याक्षरं. या तीन नावांची मी एकच मुलगी आहे हे सिद्ध करण्यात जूनचे दोन दिवस गेले. जमलं तर निघण्याआधीच नावं एकसारखी करून घ्या. आमच्या कॉलेजात ना हरकत पत्रासाठी चार चकरा माराव्या लागल्या, कारण असं पत्र कुणी कधी मागितलंच नव्हतं. शेवटी नमुना मीच टाइप करून नेला.

बेंगळुरूला गाडी सकाळी पोचते. स्टेशनलगतच मेट्रो आहे. एक स्टेशन पुढे मॅजेस्टिकला उतरून हिरव्या लाइनवर बदललं की सँडल सोप फॅक्टरी हे स्टेशन लागतं, तिथून भारतीय विज्ञान संस्था, म्हणजे मला जिथे जायचं होतं ती आयआयएससी, जवळ. रिक्षावाल्याला 'आयआयएससी' म्हणून कळलं नाही तर 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणा. संस्था १९०९ साली जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिली, आणि गावाच्या तोंडी अजून तेच नाव आहे. बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, तेव्हा बसचा नंबर लक्षात ठेवा. आणखी एक: कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे हे ऐकून मी ऐटीत बसले होते. कंडक्टरने आधार मागितलं, महाराष्ट्राचा पत्ता बघितला आणि निमूट तिकीट फाडलं. ती सवलत तिथल्या रहिवासी बायकांना आहे.

राहायला मी मत्तिकेरेत पीजी घेतलं. उन्हाळ्यात होस्टेलमध्ये जागा मिळेलच असं धरून चालू नका, निवडीचं पत्र आलं की लगेच विचारा. पीजीच्या आंटी रोज रात्री विचारायच्या, "ऊटा आय्ता?" आमची आजी अक्कलकोटकडची, त्यामुळे जेवण झालं का विचारतायत एवढं कळायचं. मी आजीच्या कन्नडमध्ये उत्तर दिलं की त्या खो खो हसायच्या. भात तिन्ही त्रिकाळ. दुसऱ्या आठवड्यात कडक भाकऱ्या उपयोगी पडल्या. आणि सोलापूरच्या उन्हातून निघताना कुणी सांगितलं तरी पटत नाही, पण एक स्वेटर आणि छत्री घ्याच.

आता माश्यांची खोली. तिला तिकडे फ्लाय रूम म्हणतात. दार उघडताच मक्याच्या पिठाचा, गुळाचा आणि यीस्टचा आंबूस वास येतो. आपल्याकडे पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्याच माश्या, पण इथे हजारो काचेच्या नळ्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी. नळी उलटी करायच्या आधी ती माउसपॅडवर टकटक आपटतात, म्हणजे माश्या तळाला जातात. मग कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या पॅडवर त्या झोपवायच्या आणि बारीक ब्रशने नर-मादी वेगळे करायचे. नराच्या पोटाचं टोक काळं, पुढच्या पायावर केसांची छोटीशी फणी. ही फणी मी आकृतीत पाच वेळा काढली होती. भिंगाखाली ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजारी कोण आहे ते न बघता मराठीत ओरडले, "अगं, खरंच आहे की!"

पहिलं काम म्हणजे अस्पर्श माद्या गोळा करणं. मादी एकदा मीलन झालं की नराचे शुक्राणू पुष्कळ दिवस साठवून ठेवते, त्यामुळे क्रॉससाठी जी मादी घ्यायची तिला आधी नर भेटलेला नसावा लागतो. कोशातून निघाल्यावर २५ अंश तापमानाला पहिले सुमारे आठ तास ती मीलन करत नाही. म्हणून सकाळी नळी रिकामी करायची, दुपारी माद्या उचलायच्या, संध्याकाळी पुन्हा. रात्री झोपायचं असेल तर नळ्या १८ अंशांच्या कपाटात ठेवायच्या, तिथे सगळंच संथ चालतं. ही युक्ती आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती.

आणि इथेच मी माती खाल्ली. सीनियर दीदी भराभर इंग्रजीत सांगायची, शेवटी विचारायची, समजलं का? मी दर वेळी मान हलवायची. शाळेपासूनची सवय, वर्गात 'नाही' म्हटलं की सगळे वळून बघतात. दहा दिवस मान हलवली. माझ्या एका नळीत एक नर राहून गेला होता, कारण नुकत्याच निघालेल्या फिकट माशीत नर कसा ओळखायचा ते मला कळलंच नव्हतं. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांचा क्रॉस लावला होता. त्यात मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचे आणि मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या यायला हव्यात, कारण डोळ्यांच्या रंगाचं हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतं. १९१० साली थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पांढऱ्या डोळ्यांच्या नरावरून हेच शोधलं. माझ्या नळीत पांढऱ्या डोळ्यांच्या मुलीही निघाल्या. क्षणभर वाटलं, मॉर्गन चुकला!

मॉर्गन चुकला नव्हता, नळीत राहून गेलेला तो पांढऱ्या डोळ्यांचा नर त्या मुलींचा बाप होता. दोन आठवड्यांचं काम कचऱ्यात गेलं. दीदी रागावली नाही, फक्त म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर पाच मिनिटांचं काम होतं. त्यानंतर मी वही घेऊन बसायला लागले आणि तिनं सांगितलेलं माझ्या मोडक्या इंग्रजीत तिलाच परत सांगायला लागले. चुकलं की ती तिथेच थांबवायची. इंग्रजी चांगलं असणारी मुलं लॅबमध्ये होती, पण हे ती करत नव्हती. सहाव्या आठवड्यात दिल्लीच्या एका मुलाने मला नर ओळखायला शिकवायला सांगितलं, तेव्हा मी लॅबमधली माझी खुर्ची जरा पुढे ओढून बसले.

गाइडना नावाने हाक मारायची पद्धत तिकडे आहे. मला ती शेवटपर्यंत जमली नाही, मी 'मॅम'च म्हणत राहिले. कुणाचं काही बिघडलं नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टायपेंड मिळतो, येण्याजाण्याचं रेल्वेभाडंही नंतर मिळतं, पण खर्च आधी आपल्या खिशातून होतो. पीजीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं पहिल्याच दिवशी द्यावं लागलं. आईने बचत गटातून १५ हजार उचलले होते, ते नसते तर मी पहिल्या आठवड्यात परतले असते. जाण्याआधी विचारायचे प्रश्न दोनच: पैसे कधी येतात, आणि अहवाल दिल्यावर किती येतात. विचारायला लाजू नका, तिकडे हे प्रश्न रोजचे आहेत. तिकिटाचे मेसेज पुसू नका. ज्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे त्यांनी आपलं पत्र पुन्हा वाचा. वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, आणि आमच्या वर्गातल्या दोघांना ते माहीत नव्हतं.

इतक्या लांब जायला घरचे तयार नसतील तर मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) कार्यक्रम बघा, तो बी.एस्सी.च्या मुलांसाठीच आहे. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्याचं खगोलशास्त्राचं केंद्र आयुका यांचेही सुट्टीतले कार्यक्रम असतात. प्रत्येकाच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. माझ्याही नको.

बाबांना मी फोटो पाठवला होता, पॅडवर झोपलेली एक माशी, लाल डोळ्यांची. त्यांनी तो टेम्पोवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या पोरीची माशी.' यंदा कॉलेजातून चौघींनी अर्ज भरलाय. काल चौकशी केली, तर दोघींच्या सरांची लिंक अजून स्पॅममध्येच आहे.