तुम्ही विचारलंत म्हणून : एका बोल्टला दोन दिवस कशासाठी?

जुनी येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० मोटरसायकल घेऊन येणारे बहुतेक जण कधी ना कधी मला एकच प्रश्न विचारतात : "काका, सगळे इंजिन एका दिवसात खाली उतरले आणि या एका बोल्टसाठी तुम्ही दोन दिवस मागता, ते कशासाठी?" विचारणारे आदबीने विचारतात, पण मनात काय आहे ते चेहऱ्यावर दिसते. म्हाताऱ्याच्या हातात जोर उरला नाही, किंवा गिऱ्हाईक अडकले आहे हे पाहून बिल वाढवले जात आहे, या दोहोंपैकी एक शंका त्यांना असते. इंदूरमध्ये अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. रामबागेत, नारायण बागेत वडिलांची गाडी जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली घरे मला माहीत आहेत. मुलगा पुण्याहून किंवा बंगळुरूहून परत आला की ती गाडी बाहेर निघते आणि तिच्याबरोबर हा प्रश्नही येतो. म्हणून उत्तर एकदा नीट लिहून काढतो.

बोल्ट जाम होतो तो कोणीतरी फार आवळल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तसे क्वचितच असते. इंजिनाचे केसिंग ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादी. दोघांच्या मधल्या फटीत पाणी शिरले आणि त्यात थोडासा क्षार असला की तिथे विजेचा एक लहानसा घट तयार होतो, आणि त्या घटात झिजते ते ॲल्युमिनियम. झिजून तयार झालेली पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि आट्यांमध्ये जागा नसल्यामुळे ती बोल्टला चहूकडून आवळून धरते. त्यामुळे कव्हरच्या वरच्या अंगाचे बोल्ट सुखाने निघतात आणि खालचे, जिथे पावसाळ्यात माळव्यातल्या काळ्या मातीचा चिखल बसतो आणि सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरने मारलेले पाणी साचून राहते, ते हटून बसतात. सायलेन्सरकडची गोष्ट थोडी निराळी आहे. येझदीच्या बिडाच्या सिलिंडरवर बसणारे बेंड पाइपचे मोठे नट उष्णतेने आणि गंजाने धरलेले असतात. तिथे पांढऱ्या भुकटीऐवजी तपकिरी गंज असतो आणि काजळीही जमलेली असते.

आता जोराचा हिशेब पाहा. सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवताना त्याला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ द्यायचा असतो, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाचेक किलोंचा भार. चिडलेला माणूस पान्यावर वजन टाकतो तेव्हा तीस किलो सहज पडतात, आणि पान्याला पाइप जोडला की विचारायलाच नको. हा सगळा पीळ डोक्याला मिळतो, पण आटे जागचे हलत नाहीत, आणि मधली दांडी पिळवटून तुटते. म्हणून मी एक नियम पाळतो : पुढच्या उपायाची वाट बंद होईल असे काम आधी करायचे नाही. डोके गोल झाले की पाना गेला, डोके तुटले की हादरा देण्याची जागा गेली, आत कठीण पोलादाचा तुकडा अडकला की ड्रिलही गेले. दोन दिवस लागतात ते हा क्रम सांभाळण्यात.

पहिला दिवस मुख्यतः भिजवण्यात जातो. बोल्टभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढायची, इंजिन असे कलते ठेवायचे की बोल्टचे डोके वर येईल, आणि मुरणारे तेल थोडे थोडे, पुन्हा पुन्हा सोडायचे. सियागंजाच्या बाजारात मिळणाऱ्या डब्यांपैकी कोणता चांगला यावर गॅरेजवाल्यांत कडाक्याचे वाद होतात. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत तयार झाले ते पाणी हटवण्यासाठी, आणि नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नात जमलेल्या मिश्रणाचा आहे. मुरण्याच्या कामाला ते बेताचेच. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळून वापरणारे लोक आहेत, मीही वापरतो, मात्र ॲसिटोनने रंग उतरतो म्हणून टाकीच्या जवळपास ते नेत नाही. माझे मत विचाराल तर डब्यावरच्या नावापेक्षा रात्रभराच्या वेळाला आणि मधून मधून दिलेल्या ठोक्यांना जास्त किंमत आहे. बोल्टच्या डोक्यावर सपाट पंच सरळ धरून हातोडीने नेमके, मध्यम ठोके दिले की आतल्या भुकटीला बारीक तडे जातात आणि तेलाला खाली उतरायला वाट मिळते.

स्क्रूच्या बाबतीत या ठोक्याचे महत्त्व आणखी वाढते. आरएक्स १००च्या कव्हरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मानकाचे आहेत, आणि बाजारातला नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्यात पुरता बसत नाही. जोर लावला की तो वर उचलला जातो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. जपानी मापाचे टोक आणि हातोडी मारली की स्वतःच थोडा फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढ्या दोन वस्तू घरात असल्या तर अर्धे स्क्रू माझ्याकडे आणावेच लागणार नाहीत. षटकोनी डोक्याला सहा कोनांचाच बॉक्स पाना किंवा रिंगपाना लावावा. बारा कोनांचा पाना सोयीचा असतो, पण तो कोपऱ्यांना धरतो, आणि गंजलेले कोपरे आधीच अर्धे झिजलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना लावतो तेव्हा मी बोल्ट आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित ढकलतो. पाहणाऱ्यांना हे विचित्र वाटते. उद्देश एवढाच की धरलेला थर कोणत्या तरी एका दिशेने सुटावा, आणि आवळण्याच्या बाजूचा आट्यांचा पृष्ठभाग बहुधा कमी गंजलेला असतो. मग सोडण्याच्या दिशेने. इथे हाताला जे कळते ते सांगणे अवघड आहे, पण प्रयत्न करतो. सुटणारा बोल्ट एक कोरडा "कट्" आवाज करतो आणि पाना एकदम हलका होतो. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. पाना हळूहळू, मऊपणे फिरत राहतो, रबर पिळावे तसा, आणि हात सोडला की थोडा मागे येतो. तो मागे येतो आहे तोवर दांडी फक्त ताणलेली आहे. मागे येणे थांबले की ती कायमची पिळली गेली, आणि त्यापुढचा अर्धा फेरा म्हणजे हातात आलेले डोके. तो मऊपणा जाणवताच थांबायचे, कितीही मोह झाला तरी. सुटलेला बोल्टसुद्धा एका दमात बाहेर ओढू नये; पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेलाचा थेंब, पुन्हा मागे, असे करत न्यावा, कारण सुटी झालेली भुकटी आट्यांत गोळा होऊन त्याला अर्ध्या वाटेत पुन्हा धरते.

तेवढ्याने भागले नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. सहा मिलिमीटरच्या बोल्टच्या बाबतीत दोन्ही धातूंचे तापमान १०० अंशांनी वाढवले तर छिद्र बोल्टपेक्षा सुमारे सात मायक्रॉनने जास्त मोठे होते. डोळ्याला ते दिसणार नाही, पण भुकटीची पकड तोडायला पुरते. ब्लो टॉर्चची ज्योत बोल्टवर धरण्याऐवजी त्याच्या भोवतालच्या केसिंगवर फिरवायची, एका जागी थांबवायची नाही. पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरून उडाला की थांबायचे. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ते थेट ढासळते, आणि त्याच्या बऱ्याच आधी आतली ऑइल सील जळून जातात. पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर आणि बॅटरी त्या खोलीतसुद्धा नसावी. गरम बोल्टच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण फटीत ओढले जाते, आणि ते अनेकदा महागड्या स्प्रेपेक्षा चांगले काम करते.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. काही नट उलट्या आट्यांचे असतात. जुन्या बुलेटमधला टायमिंग पिनियनचा नट त्यातलाच. जो नट मुळी जाम नाही त्याला सोडायच्या समजुतीने आवळत बसण्यापेक्षा त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका पाहून घेतलेली बरी.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बोल्ट आधीच कोणीतरी तोडून दिलेला असतो. तुकडा वर निघालेला असेल तर त्यावर वायसर ठेवून, वर नट ठेवून, नटाच्या छिद्रातून वेल्डिंग करून घेणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. वेल्डचे पोलाद ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि आतला तुकडा लाल होऊन पुन्हा आकसताना आपली पकड स्वतःच सोडतो. लाली ओसरल्यावर नटाला पाना लावायचा. वेल्डिंगपूर्वी मॅग्नेटची कॉइल काढून ठेवावी.

तुकडा सपाटीच्या खाली तुटला असेल तर ड्रिल करावे लागते, आणि खरी कसोटी तिथे आहे. तुटलेला पृष्ठभाग उतरता असतो, ड्रिल त्यावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते, आणि छिद्र कायमचे वाकडे होते. यासाठी मी लेथवर एक लहान बुश, म्हणजे आखूड नळी, काढून घेतो : बाहेरचा व्यास कव्हरच्या छिद्राइतका, आत तीन मिलिमीटरचे छिद्र. कव्हर बाकीच्या बोल्टांनी जागेवर बसवायचे, त्या छिद्रात बुश घालायचे, आणि त्यातून ड्रिल सोडायचे. कव्हरच ड्रिलला मध्यावर धरून ठेवते. शक्य असेल तर डाव्या फिरकीचे ड्रिल वापरतो, कारण कधी कधी ते आत रुततानाच तुकड्याला फिरवून बाहेर आणते. पुढे पाच मिलिमीटरपर्यंत छिद्र वाढवले की उरतात ते आट्यांचे वेटोळे, आणि ते टोच्याने ओढून काढता येतात.

दुकानदार हौसेने गळ्यात मारतात तो "इझी आउट" मी लहान बोल्टांसाठी वापरत नाही. तो उलट्या वळणाचा कडक टॅपर छिद्रात ठोकून फिरवायचा असतो. ज्या बोल्टने आपली पूर्ण जाडी असताना पिळाला दाद दिली नाही, तो पोखरलेल्या अवस्थेत त्याहून बारीक हत्याराला दाद देईल, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. हा इझी आउट आत तुटला की साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही, आणि केसिंग घेऊन स्पार्क इरोजनचे, म्हणजे ठिणग्यांनी धातू झिजवणारे, मशीन असलेली टूलरूम गाठावी लागते. तिथला खर्च ऐकून गिऱ्हाईक जे तोंड करते ते मी पाहिलेले आहे.

बोल्ट निघाल्यावर आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करतो; ते गेलेच असतील तर आठ मिलिमीटरचा बोल्ट ठोकण्याऐवजी हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवतो, म्हणजे कव्हर आणि बोल्ट मूळ मापाचेच राहतात. छिद्र बंद तळाचे असेल तर त्यातले तेल कापडाच्या वातीने पूर्ण टिपून घ्यावे लागते. तळाशी तेल राहिले आणि बोल्ट आत फिरवला तर त्याला निसटायला जागा नसते, आणि त्या दाबाने केसिंगला चीर जाऊ शकते.

नवा बोल्ट कोणता, यावर मात्र माझे आणि तरुण मंडळींचे पटत नाही. त्यांना चकचकीत स्टेनलेसचे ॲलन बोल्ट हवे असतात. पाणी शिरले की स्टेनलेसच्या सोबतीने ॲल्युमिनियम आणखी वेगाने झिजते, त्यामुळे मी जस्ताचा मुलामा दिलेले साधे बोल्टच सुचवतो. चकाकी हवीच असेल तर तेही बसवून देतो, मात्र आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारा लेप, लावून, पीळ त्या मानाने थोडा कमी ठेवून, आणि दर पावसाळ्यानंतर खालचे बोल्ट एकदा सोडून पुन्हा आवळायला सांगून.