पायथ्याचं पाणी गढूळ आहे का?

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, चालत अर्ध्या तासावर, लघु पाटबंधाऱ्याचं एक मातीचं धरण आहे. नाव लिहीत नाही, कारण नुसत्या माझ्या पोस्टवरून कुणाची झोप उडायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात अशी धरणं बरीच आहेत.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा चुलतभावाबरोबर सहज भिंतीवर चढलो. आख्खा माळ करपून पिवळा पडलेला, आणि भिंतीच्या पायथ्याशी मात्र वीस-पंचवीस पावलं लांबीचा हिरवागार पट्टा, पाय ठेवला की चप्पल रुतत होती. उतारावर करवंदीची जाळी, मनगटाएवढ्या जाडीचे ऐन आणि किंजळ वाढलेले, पाण्याकडच्या बाजूचे पिचिंगचे, म्हणजे लाटांनी माती धुपू नये म्हणून रचलेले दगड दोन ठिकाणी घसरून खाली गेलेले. दादा म्हणाला, "अरे ही ओल पहिल्यापासून आहे, पण एवढी नव्हती." मला त्या "एवढी नव्हती"चीच भीती वाटली.

भिंत तपासा म्हणून आम्ही फोटो लावून अर्ज दिला. पोच मिळाली, आणि तोंडी उत्तर मिळालं की हे धरण हाय हॅझर्डमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या वर्गात नाही, काळजी करू नका. तेव्हा मलाही ते पटलं होतं. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की आम्ही विचारलं एक आणि उत्तर मिळालं भलत्याच प्रश्नाचं.

हॅझर्डचा वर्ग भिंत कशी आहे ते सांगतच नाही. उद्या धरण फुटलं तर खाली किती माणसं, घरं, रस्ते, शेती सापडेल, एवढंच तो सांगतो. नवं कोरं, ठणठणीत धरण शहराच्या डोक्यावर असेल तर ते वरच्या वर्गात जाणार, आणि रानात एकटं पडलेलं मोडकळीला आलेलं धरण खालच्या वर्गात राहणार. भिंतीची तब्येत वेगळी मोजतात. तपासणीत सापडलेल्या त्रुटींच्या आपल्याकडे तीन कॅटेगरी आहेत, पहिलीत धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकतील अशा त्रुटी, दुसरीत मोठ्या पण लगेच दुरुस्त करायच्या, तिसरीत किरकोळ. म्हणजे विचारायचं तर दोन्ही विचारायला हवं, फुटलं तर काय होईल आणि आज भिंत कशी आहे.

आणि तो हॅझर्डचा वर्ग पण एकदा लिहिला की कायमचा नसतो ना. आमचं धरण झालं तेव्हा खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला नुसती भातखाचरं होती. मग रस्ता आला, रस्त्यामागून घरं आली, आज तिथे अकरा घरं आहेत, त्यात माझी आत्ये राहते. भिंतीची एक ढेपही हलली नाही तरी धोका वाढला, कारण माणसं खाली येऊन राहिली. ते कुणी पुन्हा मोजलंय का, हा आमचा दुसरा अर्ज.

हे सगळं डोक्यात घोळतं त्याचं कारण तिवरे. चिपळूण तालुक्यातलं ते धरण २ जुलै २०१९ ला रात्री साडेनऊच्या सुमारास फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली, जेवणं आटपून निजायच्या तयारीत असलेली माणसं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी भिंत पोखरली. यावर लोक फार चिडले आणि चिडायलाच हवं होतं. कुर्ल्या म्हणजे खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या धरणात बिळं करतात हे खरंच आहे, झाडाची मुळं कुजली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात हेही खरं आहे, पण हे वर्षानुवर्षं माहीत आहे म्हणून तर दरवर्षी झुडपं काढायची, बिळं बुजवायची, पाहणी करायची असते. कुर्ली काही एका रात्रीत धरण फोडत नाही.

वयाचंही तसंच. तिवरे पुरतं वीस वर्षांचंही नव्हतं. पानशेत तर १२ जुलै १९६१ ला पहिल्यांदा पाणी साठवतानाच फुटलं. उलट मालवणजवळचा धामापूर तलाव १५३० सालचा, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, आणि तो आजही पाणी देतोय. त्यामुळे "जुनं झालंय" म्हणून घाबरायचं आणि "नवीन आहे" म्हणून निवांत राहायचं, दोन्हीला अर्थ नाही. देखभाल कोण करतंय ते बघायचं.

आमच्या वाडीतले आबा म्हणतात, मातीचं धरण म्हटल्यावर पाझरणारच. आबांचं खरं आहे. पाझर वाईट नाही, तो नीट बाहेर काढायला पायथ्याशी दगड-वाळूची गाळणी केलेलीच असते. प्रश्न आहे तो पाण्याबरोबर माती येते का. पाणी आतल्या आत वाट काढतं, एकेक कण घेऊन बाहेर पडतं, वाट रुंद होते, रुंद झाली की पाणी जास्त येतं, आणि मग काही तासांतच भिंत खचू शकते. विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या पाइपालगत हे जास्त होतं, कारण तिथे माती नीट दाबून बसवणं अवघड. आणि आपल्याकडे चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, खाली सच्छिद्र जांभा, त्यात जादा पाणी जायच्या सांडव्यात झाडझाडोरा अडकला आणि पाणी भिंतीवरून गेलं तर मातीचं धरण टिकणं कठीण.

कायदा आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची, आणि आधीच्या धरणांचा आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत करायचा, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटी पुऱ्या करणाऱ्यांना. त्याहून लहान धरणं बाहेर राहतात. पाण्याखाली जाणाऱ्या आत्येच्या घराला भिंत किती मीटर होती याने काय फरक पडणार? ही गोष्ट मला मनापासून खटकते आणि बदलावी असं वाटतं.

तिसरा अर्ज दिलाय, मागच्या दोन वर्षांच्या तपासणी अहवालांच्या प्रती मागितल्यात. तोवर दादा रोज सकाळी पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरतो, पांढऱ्या कागदासमोर धरून फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. व्ही नॉच, म्हणजे पाझर मोजायची खाचेची पट्टी, बसवलेली नाही म्हणून किती पाणी येतंय ते बादली भरायला लागणाऱ्या सेकंदांवर मोजतो, वहीत तारीख घालून लिहितो. पाणी गढूळ दिसलं किंवा बादली एकदम लवकर भरली तर अकरा घरांना फोन करायचा आणि सगळ्यांनी वरच्या देवळात जायचं, पऱ्याच्या काठाने नाही, मागच्या घाटीने.

आजचा फोटो सात वाजता आला. पाणी साफ आहे, बादलीला चव्वेचाळीस सेकंद. अकरापैकी दोन घरांचे नंबर अजून मिळालेले नाहीत, ते शनिवारी जाऊन घेणार आहे.