हवालदार, होमगार्ड आणि चप्पूवाली पोरं : एका ठरावाचा अनुभव

सप्टेंबर 2025 मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा आमच्या नगरपरिषदेत निवडून आलेलं कुणीच नव्हतं. सगळा कारभार प्रशासकाकडे. वर जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि इकडे परभणी जिल्ह्यात आमची नदीकाठची वस्ती रातोरात पाण्यात गेली. बचाव पथकाची बोट यायच्या आधीच एक हवालदार, दोन होमगार्ड आणि भोईवाड्यातल्या चार पोरांनी थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे छोट्या तराफ्यावर, बसवून म्हातारी माणसं, लेकरं बाहेर काढली. पोरं पाण्यात पोहत चप्पू ढकलत होती आणि हवालदार विहिरीच्या मोटारीचा नायलॉन दोर कमरेला गुंडाळून लिंबाच्या झाडाला पाठ लावून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे तळहात सोललेले मी स्वतः पाहिले.

माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. गावातले निम्मे अर्ज माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप होतात, त्यामुळे 'यांचा सत्कार व्हायला पाहिजे' असं ठरलं तेव्हा ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. सत्कार गल्लीतल्या गणेश मंडळानंही केला असता. पण मला सभेत ठराव हवा होता. हार दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो, इतिवृत्तातलं नाव मात्र राहतं. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, सभागृह बसलं, आणि मी अर्ज घेऊन आवक-जावकच्या टेबलासमोर उभा राहिलो.

तिथं पहिल्यांदा कळलं की नागरिकाचा अर्ज आपोआप विषयपत्रिकेवर येत नाही, कुणातरी नगरसेवकाला तो मांडावा लागतो. सूचक आमच्या प्रभागाच्या ताई झाल्या. अनुमोदक मी मुद्दाम समोरच्या पक्षातला शोधला, म्हणजे सभेत फाटे फुटायला नकोत. लिपिक म्हणाला, "उगं कशाला एवढं? ऐनवेळच्या विषयात टाकून देऊ." मी नको म्हणालो. ऐनवेळचे, म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले, विषय शेवटी येतात; तोपर्यंत अर्धे सदस्य चहाला उठलेले असतात आणि पत्रकार निघून गेलेले असतात. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात मानपत्राचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेच्या कामकाजात धरलेला आहे. ते पान मी अर्जाला जोडलं. सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघते, म्हणजे विषय त्याच्याही आधी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचायला हवा. तो पोचवायला चार चकरा मारल्या असतील की आठ, कुणास ठाऊक.

खरी गाडी अडली पोलिसांपाशी. सरकारी कर्मचाऱ्याला आपल्या सन्मानाच्या कार्यक्रमाला वरिष्ठांच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये तसं आहे. हवालदारसाहेबांनाच जास्त धास्ती. दुकानात येऊन हळूच म्हणाले, "दादा, माझं नाव वगळा. उद्या कुणी अर्ज केला तर खुलासा मलाच द्यावा लागंल." नगरपरिषदेचं पत्र आधी ठाण्यात गेलं, तिथून पोलीस अधीक्षक कार्यालयात. परवानगी आली, पण रोख रक्कम किंवा वस्तू न देण्याच्या अटीवर. ही अट मला तरी पटली. पोलिसानं गावाकडून पाकीट घेतलेलं कशाला कुणाला दिसावं, भले ते सत्काराचं का असेना.

मग यादीचा घोळ. टाइप होऊन आलेल्या मसुद्यात सगळ्यात वर अधिकाऱ्यांची नावं, खाली हवालदार, आणि शेवटी 'व स्थानिक युवक'. बस्स. होमगार्ड तर कुठंच नव्हते. त्या रात्री अधिकाऱ्यांनीही धावपळ केली, त्याबद्दल वाद नाही. पण पाण्यात उतरलेल्या पोराचं नाव 'स्थानिक युवक'? मी ताईंना म्हणालो, एक तर सातही नावं येतील, नाहीतर अर्ज मागं घेतो. ताईंनी मसुदा तिथंच फाडला. नवीन यादीसाठी भोईवाड्यात गेलो तर वेगळीच पंचाईत. एकाला सगळं गाव ज्या नावानं हाक मारतं ते आधारवर नाही, दुसऱ्याच्या आधारवर वडिलांचं नाव चुकलेलं. पोरं हसायला लागली. एकाची आई मात्र म्हणाली, "भाऊ, कागद कामून पायजे? त्याच्यावर केस तर नाही ना काही?" पोलीस आणि कागद एकत्र आले की त्या वस्तीत पहिला विचार हाच येतो. तिला समजवायला बराच वेळ गेला, चहाही झाला.

शाल-श्रीफळाचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा, यावर लेखापालांनी लेखापरीक्षणाचा बागुलबुवा दाखवला. शेवटी तो खर्च बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनीच परस्पर उचलला. हवालदारांना फक्त अभिनंदनपत्र.

सभेत विषय चौथा होता. आधीचे तीन पाणीपट्टी आणि घंटागाडीचे, त्यावर घसे बसेपर्यंत भांडण. आमचा ठराव मात्र दोन मिनिटांत एकमतानं मंजूर. पोरं मागच्या बाकावर अंग चोरून बसली होती. नगराध्यक्षांनी नावं पुकारली तर उठेनात. शेवटी हवालदार मागं गेले, एकाच्या खांद्याला धरून उठवलं आणि चौघांनाही आपल्या पुढं उभं केलं. फोटोत ते स्वतः अर्धेच दिसतात.

हे सगळं करायला एक कारण आणखी होतं. केंद्र सरकार दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांना जीवन रक्षा पदक देतं. 1961 पासूनची ही योजना. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशा तीन श्रेणी आहेत. शिफारस घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावी लागते. पोलिसांना हे पदक कर्तव्याबाहेरच्या कामासाठीच मिळतं, त्यामुळे ड्यूटीवर असलेले आमचे हवालदार त्यात बसत नाहीत, पोरं बसतात. नुसत्या तोंडी कौतुकावर प्रस्ताव हलत नाही, कागद लागतो. म्हणून ठरावाची प्रमाणित प्रत काढली, तलाठ्याचा पंचनामा आणि वाचलेल्या माणसांचे जबाब जोडले. गठ्ठा आता जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. मुदत सप्टेंबर 2027 पर्यंत. टेबलावरचा बाबू म्हणाला, "बघू." मी पोच घेऊन ठेवली आहे.