टेललाइटचा फ्यूज परत परत उडतोय: अपडेट, चोर सापडला

तर मंडळी, जुन्या हॅचबॅकचं प्रकरण एकदाचं मार्गी लागलं. लक्षणं अशी होती की रात्री हेडलाइट व्यवस्थित, ब्रेक मारला की मागे लाल पण पेटतं, पण टेललाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचा उजेड हे सगळं एकदम गुल. आता इतक्या ठिकाणचे बल्ब काही ठरवून एकाच वेळी जात नाहीत, त्यामुळे बल्ब खोलत बसलोच नाही, थेट स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स.

फ्यूज ओढून काढून उजेडात धरून बघायची गरज नसते हे नवीन लोकांसाठी सांगून ठेवतो. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक खाचा असतात, आत धातू उघडा असतो. पार्किंग लाइट चालू ठेवायचे, टेस्ट लॅम्पची (टोकदार दांडीत छोटा दिवा आणि शेपटीला क्लिपवाली वायर) क्लिप बॉडीच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टला लावायची आणि टोक दोन्ही खाचांना टेकवायचं. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक, एकीकडेच पेटला तर उडालाय, कुठेच नाही पेटला तर तिथपर्यंत करंटच येत नाहीये, मग दोष स्विच नाहीतर रिलेच्या (विजेवर चालणारा स्विच) बाजूला. माझा एकीकडेच पेटला.

मग लाइट बंद करून चिमट्याने काढला. 10 अँपिअरचा लाल, मिनी साइजचा. पट्टी मधोमध नुसती वितळून तुटली असती तर ओव्हरलोडचा संशय घेतला असता, पण याच्या आतलं प्लॅस्टिक काळं पडलेलं आणि धातूचे बारीक शिंतोडे चिकटलेले. म्हणजे सरळ शॉर्ट, वायर कुठेतरी बॉडीच्या पत्र्याला टेकतेय. नवीन लाल टाकला, सगळं झकास पेटलं, आणि डिकीत भाजीच्या पिशव्या ठेवून डिकी आपटली तसा परत गेला.

खालच्या मजल्यावरचे काका गाडीशी काहीतरी चाललंय म्हटल्यावर येणारच. "अरे पंधराचा निळा टाक ना, कटकट मिटली!" म्हटलं काका, हिशोब करा. 12 व्होल्टला 10 अँपिअर म्हणजे 120 वॅट, आणि या लाइनवर आहेत काय तर पाच-पाच वॅटचे मोजके बल्ब आणि मीटरचे बारके दिवे, सगळे मिळून तीस-पस्तीस वॅट. म्हणजे लोडमुळे 10 चा फ्यूज उडायचं कारणच नाही. मोठा टाकला किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली (हा जुगाड अजून चालतो!) तर फ्यूजऐवजी वायर तापणार, आणि ती वायर कार्पेटखालून जाते. काका "बघ बाबा तुझं तू" म्हणून वर गेले.

आता गंमत. दरवेळी नवीन फ्यूज जाळत बसण्यापेक्षा त्याच्या जागी बल्ब लावायचा. ब्रेक लाइटचा 21 वॅटचा जुना बल्ब, दोन वायरी सोल्डर केल्या, टोकांना उडालेल्याच फ्यूजचे पाय जोडले आणि सॉकेटमध्ये खोचला. लाइन ठीक असेल तर बल्ब मिणमिणतो कारण लाइनवरचे पुढचे दिवे त्याच्याशी सिरीजमध्ये (एकामागोमाग एकाच वाटेवर) येतात, ते पण मंदच दिसतात, घाबरू नका. शॉर्ट झाला की पुढचे दिवे विझतात आणि हा एकटा फुल पेटतो, फ्यूज मात्र एकही खर्ची पडत नाही. बल्ब डॅशबोर्डवर ठेवला, पण तो तापतो म्हणून खाली जाड पुठ्ठा घेतला, नाहीतर प्लॅस्टिकची वाट लागते.

मागे जाऊन डिकी हळूहळू उचलली. अर्ध्यापर्यंत मिणमिण, त्यावर हातभर गेली की पुढे भक्कन उजेड. खाली आणली, परत मिणमिण. पाच-सहा वेळा तेच केलं, नुसतं मजा म्हणून. डिकी आणि छताच्या मधे जी काळी रबरी नळी असते ना, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तिच्यातून जाते. नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवली तर आत वायरीचं इन्शुलेशन बिजागरीपाशी फाटलेलं, तांबं हिरवट पडलेलं आणि पत्र्याच्या कडेला घासून चकचकीत झालेला एक ठिपका. मुंबईचे पावसाळे आणि रोजची उघडझाप, दुसरं काय होणार.

तिथल्या तिथे टेप मारून चालत नाही, कारण तो भाग रोज वाकतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मऊ मल्टीस्ट्रँड (बारीक तारांची) वायर आणि हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) आणली, खराब तुकडा पूर्ण कापला आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक छताकडे आणि एक डिकीत, असे घेतले. वायर थोडी सैल सोडली. रबर परत खाचेत बसवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, साबणाचं पाणी लावलं तेव्हा कुठे सरकलं.

आता बल्ब काढून लाल 10 चा बसवलाय, डिकी कितीही आपटा, टिकतोय. शेजारची मागच्या वायपरची वायर पण कडक झालीये, अजून फाटलेली नाही पण वाकवली की बारीक चिरा दिसतात. उरलेल्या वायरीत तिचं पण काम होईल, पुढच्या रविवारी तेच काढतोय.